गोव्यातून पहिला कंटेनर पाठवताय? आकार, वजन आणि तरंगण्याचा हिशेब आधी शिकून घ्या

आमच्या काजूगराचा दुसराच कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या यार्डात नऊ दिवस अडकून पडला होता. माल चांगला होता, कागद पूर्ण होते, जहाजही वेळेवर आलं होतं. घोटाळा झाला होता वजनाच्या एका आकड्यात. मी कळवलेलं वजन खऱ्यापेक्षा सव्वादोन टनांनी कमी होतं आणि ते बंदराच्या काट्यावर उघड झालं. त्या आठवड्याचं जहाज आमच्याविना गेलं. यार्डाचं भाडं, एजंटची धावपळ, परदेशातल्या खरेदीदारापुढे मान खाली घालणं, हे सगळं एका चिठ्ठीमुळे सोसावं लागलं.

डिचोलीत आमचा काजू सोलायचा छोटा कारखाना आहे. कंटेनर म्हणजे मोठा पत्र्याचा डबा, माल भरला, सील लावलं की झालं, अशीच माझीही समजूत होती. पण या डब्याला स्वतःचा हिशेब असतो: किती मावतं, किती वजन चालतं, आणि पाण्यात पडला तर काय होतं. तिसरा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता, म्हणून त्यावर मी खाली जरा जास्त लिहिलं आहे. सत्तरी, फोंडा, वेर्णे, पेडणे इथून नव्याने माल पाठवणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा, असा हा क्रम आहे.

१. कंटेनर ठरवण्याआधी मालाची घनता काढा

बहुतेक जण एजंटला फोन करून "वीस फुटी की चाळीस फुटी?" असं विचारतात. त्याचं उत्तर तुमच्याच गोदामात असतं. एक खोका काट्यावर ठेवा. बाहेरून लांबी, रुंदी, उंची मोजा, म्हणजे घनमीटर मिळतील. वजनाला घनमीटरने भागा. एक घनमीटर मालाचं वजन किती किलो, हा एकच आकडा हातात असला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता कंटेनरची मापं. बाहेरची मापं जगभर ठरलेली आहेत. आतली मापं बनावटीप्रमाणे एक-दोन सेंटिमीटरने इकडेतिकडे होतात.

- वीस फुटी: बाहेरून लांबी ६.०५८ मीटर, रुंदी २.४३८, उंची २.५९१. आतून साधारण ५.९० × २.३५ × २.३९ मीटर. जागा सुमारे ३३ घनमीटर. रिकाम्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास.
- चाळीस फुटी: बाहेरून लांबी १२.१९२ मीटर, रुंदी-उंची तीच. जागा सुमारे ६७ घनमीटर. रिकाम्याचं वजन पावणेचार टनांच्या आसपास.
- चाळीस फुटी हाय क्यूब: उंची २.८९६ मीटर, म्हणजे साध्यापेक्षा एक फूट जास्त. जागा सुमारे ७६ घनमीटर. रिकाम्याचं वजन चार टनांच्या आसपास.

आता मुख्य गोष्ट. आकार दुप्पट झाला तरी वजनाची मर्यादा दुप्पट होत नाही. वीस फुटी असो की चाळीस फुटी, डबा आणि माल मिळून कमाल वजन बहुतेक कंटेनरवर ३०,४८० किलोच लिहिलेलं दिसेल. वीस फुटीत साधारण २८ टन माल ३३ घनमीटरमध्ये बसवायचा, म्हणजे घनमीटरला ८५० किलो. चाळीस फुटीत साधारण २६.७ टन ६७ घनमीटरमध्ये, म्हणजे घनमीटरला ४०० किलो. हाय क्यूबमध्ये ३५०.

तुमचा माल घनमीटरला ३५० किलोच्या आत असेल, उदाहरणार्थ काथ्याच्या वस्तू किंवा वेताचं फर्निचर, तर हाय क्यूब घ्या. तिथे वजनाआधी जागा संपते. ८५० च्या वर असेल, म्हणजे बिडाचे ओतीव भाग, ग्रॅनाइट, फरशा, तर वीस फुटीच घ्या आणि तो अर्धाही भरलेला दिसला नाही तरी मन घट्ट ठेवा. "एवढी जागा रिकामी जाते" म्हणून आणखी माल टाकायचा मोह होतो, आणि पहिली फसगत तिथेच होते.

काजूगर मधे येतो. धंद्यातला रिवाज ५० पौंडांचा म्हणजे २२.६८ किलोचा खोका, आणि वीस फुटीत असे ७०० खोके. निव्वळ माल १५,८७६ किलो. आमच्या पॅकिंगसह खोका २३.९ किलो भरतो, म्हणजे एकूण १६,७३० किलो. डबा जवळजवळ गच्च भरतो, पण वजनाची मर्यादा खूप दूर राहते. हाच माल चाळीस फुटीत घातला तर बरीच जागा शिल्लक असतानाच वजन संपतं. म्हणून काजूगराला वीस फुटीच बरा.

पॅलेटवर माल ठेवणार असाल तर १२०० × १००० मिलिमीटरचे दहा पॅलेट वीस फुटीत बसतात, १२०० × ८०० चे अकरा. दरवाजाची उंची आतल्या उंचीपेक्षा कमी असते, साध्या कंटेनरला सुमारे २.२८ मीटर. पॅलेटची उंची दरवाजावरून ठरवा. आतल्या उंचीवरून ठरवली तर शेवटचा थर बाहेर उतरवावा लागतो.

२. ट्रेलर तुमच्या दारापर्यंत येतो का, ते स्वतः चालत जाऊन पाहा

गोव्यात हे पाऊल वगळू नका. हाय क्यूब ट्रेलरवर चढला की एकूण उंची सव्वाचार मीटरच्या पुढे जाते. आपल्या गावांतल्या विजेच्या तारा, रस्त्यावर झुकलेले माड, कपेलाशेजारचं अरुंद वळण, ओहोळावरचा जुना मोरीपूल, हे सगळं चालत जाऊन डोळ्याखाली घाला. सत्तरीच्या आतल्या भागात चाळीस फुटी वळतच नाही अशा कितीतरी जागा आहेत. तसं असेल तर माल टेम्पोने औद्योगिक वसाहतीतल्या किंवा यार्डातल्या गोदामात नेऊन तिथे भरणं शहाणपणाचं.

ट्रेलरवरच्या कंटेनरची फरशी जमिनीपासून छातीएवढी उंच असते. रॅम्प नसेल तर हमालांची संख्या वाढवा आणि वेळ दुप्पट धरा.

गोव्यातला निर्यातीचा बराच माल रस्त्याने न्हावा शेवाला जातो. मुरगाव बंदरातून त्या वेळी कंटेनर जहाज मिळतं का आणि बाळ्ळीच्या कॉनकॉर (रेल्वेची कंटेनर कंपनी) यार्डातून रेल्वेने पाठवणं जमतं का, हे बुकिंगच्या आधी एजंटला विचारा. रस्त्याने जायचं असेल तर वजनाची आणखी एक मर्यादा लागू होते, ती म्हणजे ट्रेलरच्या आरसी बुकात लिहिलेली. कंटेनरवर ३०,४८० लिहिलंय म्हणून तेवढं वजन रस्त्यावर चालेलच असं नाही. ओतीव माल पाठवणाऱ्यांनी आरसीची प्रत आधी मागून घ्यावी.

३. रिकामा कंटेनर आला की घाई करू नका

ड्रायव्हरला निघायची घाई असते, हमाल थांबलेले असतात. तरीही अर्धा तास घ्याच.

आधी दरवाजा वाचा. उजव्या पानावर अकरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो: चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला शेवटचा पडताळणीचा आकडा. फोटो काढा आणि कागदावर फोटोवरूनच उतरवा. खाली मॅक्स ग्रॉस, टेअर, नेट आणि घनमीटर असे आकडे रंगवलेले असतात. टेअर म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. तो आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा, सहाव्या पायरीला तोच लागणार आहे. डाव्या पानावर खाली सुरक्षिततेची धातूची पाटी असते. ती नसेल, किंवा तिच्यावरचं आणि रंगवलेलं कमाल वजन जुळत नसेल, तर कंटेनर बदलून मागा.

मग आत जा आणि बाहेरच्या माणसाला दोन्ही दरवाजे बंद करायला सांगा. मिट्ट काळोखात एक मिनिट उभं राहा. छतातून, कोपऱ्यातून, दरवाजाच्या रबरातून उजेडाचा ठिपका दिसला की तिथून पाणी येणार. सुईएवढं भोकही पुरे. पावसाळ्यात पत्रादेवीची सीमा ओलांडून पुढचे जवळपास ५०० किलोमीटर हा डबा पावसात भिजत जाणार आहे, आणि नंतर समुद्र. आम्ही एकदा असा ठिपका पाहून डबा परत पाठवला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, एवढ्याशा भोकाने काय होतंय?" एवढ्याशा भोकाखाली बरोबर तेवढेच पन्नास खोके येतात, हे मी त्याला समजावून सांगितलं.

फरशीवर हात फिरवा. ओल, तेलाचा डाग, वर आलेला खिळा, आधीच्या मालाचा वास. काजू आणि मसाला वास पटकन ओढून घेतात. दरवाजाचं रबर फाटलेलं नको. कंटेनर झाडून, कोरडा करूनच माल चढवा.

४. भरताना वजन सारखं वाटा

लांबीच्या कुठल्याही एका अर्ध्यात एकूण मालाच्या ६० टक्क्यांहून जास्त वजन येऊ नये. सारखे खोके असतील तर हे आपोआप जमतं. जड आणि हलका माल मिसळून पाठवणाऱ्यांनी मात्र कागदावर आधी नकाशा काढावा. जड खाली, हलका वर. बिडाचा भाग किंवा दगड थेट फरशीवर एका जागी ठेवू नका. खाली लांब जाड वासे टाका, म्हणजे भार फरशीखालच्या अनेक आडव्या पट्ट्यांवर वाटला जाईल.

मोकळी जागा हवेच्या पिशव्यांनी किंवा लाकडाने भरा. लाकूड वापरलंत तर त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का हवा. वखारीतून आणलेली साधी फळी आधार म्हणून टाकली आणि त्या एका फळीसाठी परदेशातल्या बंदरात कंटेनर अडला, असं होऊ शकतं.

जून ते सप्टेंबरात भरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दरवाजा बंद करता तेव्हा गोव्याची दमट हवाही आत बंद होते. वाटेत रात्री पत्रा थंड झाला की तीच ओल छताला थेंब धरून मालावर पडते. ओल शोषणाऱ्या पिशव्या बाजूच्या पत्र्यांना टांगा, वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरा, आणि पावसाची सर चालू असताना दार उघडं ठेवून भरू नका. एक दिवस उशीर परवडतो.

५. कागदांची फाईल

यातलं बरंच काम कस्टम्स ब्रोकर करतो, पण फाईल तुमच्याकडे हवी.

- आयईसी (आयात-निर्यात कोड), जीएसटी नोंदणी आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र)
- बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा), ज्या बंदरातून माल जाणार तिथे नोंदवलेला
- इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट (निव्वळ आणि ढोबळ, दोन्ही वजनं)
- शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद)
- खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना, खरेदीदार देश मागत असेल तर फायटोसॅनिटरी (मालाला कीड-रोग नसल्याचा) आणि धुरीकरणाचा दाखला
- मालाप्रमाणे लागणारी निर्यात परिषदेची नोंदणी
- वजनकाट्याची चिठ्ठी आणि व्हीजीएमचा (भरलेल्या कंटेनरच्या एकूण वजनाचा) फॉर्म
- रिकाम्या कंटेनरचे, भरतानाचे आणि लावलेल्या सीलचे फोटो
- सागरी विम्याची पॉलिसी

पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि व्हीजीएममधलं वजन हे दोन वेगळे आकडे असतात. ते का, हे पुढच्याच पायरीत येतं.

६. वजन: इथेच माझी चूक झाली

व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन: माल, खोके, पॅलेट, लाकूड, ओल शोषणाऱ्या पिशव्या आणि खुद्द डबा. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जुलै २०१६ पासून हे कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि जबाबदारी बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) ज्याचं नाव पाठवणारा म्हणून आहे त्याची असते. एजंटने फॉर्म भरला तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

हा नियम का आला ते ऐका. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नापोली हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात तडकलं आणि पुढे इंग्लंडच्या किनाऱ्यावर रुतवावं लागलं. डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० कंटेनर नंतर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरचं वजन कळवलेल्यापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं. एकात तर २० टनांचा फरक होता. जहाजावरचा अधिकारी कुठला डबा खाली, कुठला वर हे आपण पाठवलेल्या आकड्यावरून ठरवतो. हलका म्हणून वर ठेवलेला डबा जड निघाला तर अख्खी रास कोसळू शकते.

वजन करायच्या दोन रीती मान्य आहेत. पहिली: भरलेला कंटेनर काट्यावर तोलायचा. दुसरी: प्रत्येक खोका, पॅलेट, फळी वेगळी तोलून बेरीज करायची आणि त्यात दरवाजावरचा टेअर मिळवायचा.

आता माझी चूक. ट्रेलर रिकामा कंटेनर घेऊन आला तेव्हा तो काट्यावर १५,६३० किलो भरला. माल भरल्यावर तोच ट्रेलर ३२,४८० किलो. चिठ्ठीवर 'नेट' म्हणून छापून आलं १६,८५०. मी तोच आकडा व्हीजीएम म्हणून दिला. सारखं वाटतं ना? पण पहिल्या वजनात रिकामा डबा आधीच धरला होता, म्हणजे वजाबाकीत डबा निघून गेला. १६,८५० हे फक्त मालाचं आणि १२० किलो लाकूड-पिशव्यांचं वजन. खरं व्हीजीएम म्हणजे त्यात दरवाजावरचे २,२३० मिळवून १९,०८० किलो. नंतर काट्यावरच्या काकांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "बाय, नेट म्हणजे मालाचंच. डबा त्यात नाही." त्यांना ते ठाऊक होतं, मी विचारलं नव्हतं.

म्हणून चिठ्ठी हातात आली की आधी एकच प्रश्न विचारा: पहिलं वजन केलं तेव्हा ट्रेलरवर डबा होता का? होता, तर टेअर मिळवा. नव्हता, तर नेट हेच व्हीजीएम.

आणखी काही सापळे:

दोन्ही वेळा ट्रेलरच्या टाकीतलं डिझेल सारखं हवं. मधे ३०० लिटर भरलं तर अडीचशे किलो वाढतात आणि ते तुमच्या मालाच्या नावावर चढतात. ड्रायव्हर-क्लीनर दोन्ही वेळा आत, नाहीतर दोन्ही वेळा बाहेर. दोन्ही वजनं एकाच काट्यावर करा. काट्याचा वैधमापन विभागाचा चालू दाखला पाहा, त्याची मुदत चिकटवलेली असते. आणि पावसात भिजलेली लाकडं कोरडी समजून जुनं वजन धरू नका.

मी आता दोन्ही रीतींनी वजन काढते. काट्याचा आकडा आणि खोक्यांच्या बेरजेचा आकडा शेजारी लिहिते. फरक शंभर-दीडशे किलोंहून जास्त दिसला तर ट्रेलर थांबवून पुन्हा मोजते. व्हीजीएम द्यायची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. ती बुकिंगच्या कागदावरून घेऊन भिंतीवर लिहून ठेवा.

७. डबा पाण्यात पडला तर

नवखे हे वाचून म्हणतील, मला याचं काय? पण विमा निवडताना, धोकादायक मालाची माहिती देताना आणि पावसाळ्यात यार्ड सांभाळताना हाच हिशेब लागतो.

लोखंडाचा एवढा जड डबा बुडणारच असं वाटतं. मोजून पाहू. वीस फुटीची आतली जागा ३३ घनमीटर. तळाखालची पोलादी पट्ट्यांची पोकळी उघडी असते म्हणून ती सोडून देऊ. तेवढ्या जागेने समुद्राचं पाणी बाजूला सारलं तर त्याचं वजन, घनमीटरला १.०२५ टन धरून, सुमारे ३४ टन होतं. आणि डब्याचं कमाल वजन ३०.४८ टन. म्हणजे काठोकाठ वजनाने भरलेला वीस फुटी कंटेनरही, आत पाणी शिरत नाही तोवर, तरंगतो. चाळीस फुटीत तर जवळपास ६९ टन पाणी बाजूला सारण्याची जागा असते आणि वजन तेवढंच, म्हणून तो अर्धाही बुडत नाही.

आमचा १९ टनांचा काजूचा डबा फरशीपासून सुमारे १.३५ मीटर पाण्यात जाईल आणि मीटरभर वर राहील. पूर्ण ३०.४८ टनांचा डबा पाण्याबाहेर जेमतेम वीतभर दिसेल.

पण कंटेनर म्हणजे सीलबंद पिंप नव्हे. दरवाजाच्या रबरातून, वरच्या बाजूच्या हवेच्या छिद्रांतून पाणी शिरतं. विहिरीत सोडलेली कळशी आठवा: आधी तरंगते, मग एका बाजूला कलते, आणि काठ पाण्याखाली गेला की गटागटा पिऊन खाली जाते. डबाही जड बाजूला कलतो. नंतर तो बुडणार की नाही हे मालावर ठरतं. सगळीकडे पाणी भरल्यावर रिकाम्या वीस फुटी सांगाड्याला खाली ओढणारं वजन साधारण दीड-पावणेदोन टन उरतं. आत दोन घनमीटर थर्माकोल असेल, म्हणजे दोन मोठ्या गोदरेज कपाटांएवढा, तर तेवढ्यानेही डबा वर राहतो. बिडाचे ओतीव भाग असतील तर पाणी शिरल्यावर त्याला धरायला काहीच नसतं. शीत कंटेनरच्या भिंतींतच फोम असतो, म्हणून ते दीर्घकाळ तरंगत राहू शकतात.

सर्वांत वाईट तो पाण्याच्या पातळीलगत लटकणारा डबा. रडारवर नीट दिसत नाही, लाटेत डोळ्याला दिसत नाही. मालीम, कुटबण, खारीवाडा इथून रात्री निघणाऱ्या ट्रॉलरला तो थेट आदळू शकतो.

२५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ बुडालं, त्यावर ६४० कंटेनर होते. त्यातले कितीतरी तरंगत कोल्लम-आलप्पुळाच्या किनाऱ्याला लागले आणि प्लास्टिकचे दाणे वाळूभर पसरले. काही कंटेनरमध्ये धोकादायक माल होता, त्यात कॅल्शियम कार्बाइडही, जे पाणी लागताच ॲसिटिलीन हा चटकन पेट घेणारा वायू सोडतं. त्याआधी जुलै २०२४ मध्ये मर्स्क फ्रँकफर्ट या कंटेनर जहाजाला आपल्याच किनाऱ्यासमोर, कारवार-गोव्याच्या समुद्रात आग लागली आणि एका खलाशाचा जीव गेला. तटरक्षक दलाची जहाजं भर पावसाळी समुद्रात दिवसेंदिवस पाणी मारत होती. आत काय आहे हे कागदावर खरं लिहिलेलं असलं तरच आग विझवणाऱ्याला पाणी मारायचं की नाही हे कळतं. रसायनं, रंग, बॅटऱ्या, कोळसा असं काहीही पाठवत असाल तर 'जनरल कार्गो' लिहून मोकळं होऊ नका.

जागतिक शिपिंग परिषदेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये २२१ आणि २०२४ मध्ये ५७६ कंटेनर समुद्रात पडले. वर्षाला कोट्यवधी डबे फिरतात, त्या मानाने हे थोडे. पण तुमचा असेल तर तो तुमच्यासाठी शंभर टक्के. म्हणून सागरी विमा घेताना इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमधलं कलम 'ए' घ्या. 'सी' स्वस्त पडतं, पण लाटेने डेकवरून वाहून गेलेला डबा त्यात येत नाही. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम फेकलेला माल येतो. एजंट विचारणार नाही, तुम्हीच विचारा.

समुद्रात किंवा किनाऱ्यावर डबा दिसला तर जवळ जाऊ नका, उघडू नका. तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. आमच्या ओळखीतल्या ट्रॉलरवाल्यांना मी हा नंबर केबिनमध्ये लिहून ठेवायला सांगितला आहे.

८. यार्डातला रिकामा डबा पुरात

बरेच जण जुना कंटेनर विकत घेऊन गोदाम म्हणून ठेवतात. आम्हीही ठेवला होता, वाळवंटी नदीच्या बाजूच्या सखल जागेत. जुलै २०२१ च्या पुरात पाणी यार्डात शिरलं आणि सकाळी पाहिलं तर डबा आडवा फिरून कुंपणाला टेकला होता. तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, आता हिशेब कळतो. सव्वादोन टनांचा रिकामा वीस फुटी तरंगायला फरशीच्या वर सोळा सेंटिमीटर पाणी पुरतं. फरशी जमिनीपासून साधारण पंधरा सेंटिमीटर वर. म्हणजे फूटभर पाणी आलं, दार बंद आणि रबर चांगलं असलं, की डबा उचलला जाणार. डबा जितका चांगला, तितका लवकर.

नदीकाठी, खाजनालगत किंवा ओहोळाजवळ डबा ठेवायचा असेल तर चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे बांधून फरशी गेल्या पुराच्या खुणेच्या वर आणा. खालच्या कोपऱ्यांतल्या लोखंडी छिद्रांतून साखळी घालून ठोकळ्यांना आवळा. जड सामान खालच्या रांगेत ठेवा. आणि पाणी चढतंय, माणसं सुरक्षित आहेत, आत मोलाचं काही नाही असं असेल, तर दरवाजे उघडे ठेवून जा. पाणी आतबाहेर सारखं झालं की डबा जागेवर बसून राहतो.